लेपर्ड गेकोची अंडी घरी उबवताना तापमान स्थिर कसे ठेवावे?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. आमच्याकडे लेपर्ड गेकोची (पाळीव पालीची एक जात) एक जोडी असून मादीने या आठवड्यात दोन अंडी घातली आहेत. एका जुन्या वाइन कूलरची थंड करणारी यंत्रणा बंद करून, तळाशी २८ वॅटची हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) अंथरून आणि साधा ऑन-ऑफ थर्मोस्टॅट जोडून मी उबवणपेटी तयार केली आहे. थर्मोस्टॅट २८ अंशांवर ठेवला असूनही आतला थर्मामीटर दिवसभरात २५.५ ते ३० अंशांच्या दरम्यान फिरत राहतो आणि पहाटे सर्वांत खाली जातो. अंडी वाचतील का? हा चढउतार कमी कसा करता येईल? की सरळ महागडे इन्क्युबेटर घ्यावे?

उत्तर : अंडी वाचण्याची शक्यता चांगली आहे आणि महागडे इन्क्युबेटर घेण्याची गरज नाही. आपण दिलेल्या माहितीवरून थर्मोस्टॅट बिघडलेला वाटत नाही. पेटीत उष्णता धरून ठेवणारे काहीच नाही, हीट मॅट पेटीच्या मानाने फार जोरकस आहे आणि काचेच्या दारातून उष्णता सतत बाहेर जात आहे, या तीन कारणांचा तो एकत्रित परिणाम आहे. मुळात स्थिर असलेली पेटी हव्या त्या आकड्यावर आणून ठेवणे एवढेच थर्मोस्टॅटचे काम असते. पेटीच अस्थिर असेल तर कितीही किमतीचा थर्मोस्टॅट तिला स्थिर करू शकत नाही. म्हणून दुरुस्तीला पेटीपासून सुरुवात करावी आणि थर्मोस्टॅटकडे शेवटी यावे, असे माझे मत आहे.

त्याआधी आपण नेमके कशाचे तापमान मोजत आहात ते पाहू. थर्मामीटरचा प्रोब (तारेच्या टोकाचा सेन्सर) मोकळा लोंबत असेल तर २५.५ ते ३० हे आकडे हवेचे आहेत, अंड्याचे नव्हेत. लेपर्ड गेकोचे अंडे तीनेक ग्रॅमचे आणि चामड्यासारख्या मऊ कवचाचे असते, आणि ते ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (पाणी धरून ठेवणाऱ्या हलक्या, दाणेदार खनिजात) अर्धे रुतवून झाकणाच्या डब्यात ठेवलेले असते. डब्यातले ओले माध्यम हवेपेक्षा पुष्कळ सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे थर्मोस्टॅट दर काही मिनिटांनी चालू-बंद झाल्याने हवेत जी लाट उठते ती अंड्यापर्यंत पोचेस्तोवर बरीच विरलेली असते. पहाटेची घसरण मात्र कित्येक तास टिकते आणि म्हणून ती अंड्याला जवळजवळ पूर्ण जाणवते. हे दोन चढउतार वेगळे आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. थर्मामीटरच्या किमान-कमाल आकड्यांत ते एकमेकांत मिसळून जातात आणि माणूस उगाच घाबरतो.

अंड्याला काय जाणवते ते कळण्यासाठी औषधाची एक लहान बाटली पाण्याने भरावी, तिच्या बुचाला भोक पाडून प्रोब आत सोडावा, भोक टेपने किंवा सिलिकॉनने बंद करावे आणि ती बाटली अंड्यांच्या शेजारी त्याच माध्यमात अर्धी रुतवून ठेवावी. हे झाले आपले नकली अंडे. यापुढे मी ‘तापमान’ म्हणेन तेव्हा या बाटलीतले तापमान असे समजावे. दोन दिवसांची नोंद घेतली की बहुतेक वेळा असे दिसते की हवेत साडेचार अंशांचा चढउतार असताना बाटलीत तो त्याहून बराच कमी असतो, आणि जो उरतो तो जवळजवळ सगळा रात्र-दिवसाचा असतो.

आता स्थिरता किती हवी, हा प्रश्न. याचे उत्तर आपण कोणत्या तापमानाला अंडी उबवत आहात यावर अवलंबून आहे. लेपर्ड गेकोच्या पिल्लाचे लिंग गुणसूत्रांवरून ठरत नाही, ते उबवणीच्या तापमानावरून ठरते. सरपटणाऱ्या प्राण्यांत असे घडते हे मादलेन शार्निए यांनी १९६६ मध्ये डकार येथे अगामा सरड्यांवर दाखवून दिले होते. लेपर्ड गेकोवर पुढे ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात डेव्हिड क्रूज यांच्या प्रयोगशाळेने दीर्घकाळ काम केले, आणि त्यातून मिळालेले आकडे आजही पैदास करणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडतात. स्थिर २६ अंशांना पिल्ले माद्याच निघतात, ३० अंशांना सुमारे पाव नर असतात, ३२.५ अंशांना सुमारे पाऊण नर असतात, आणि ३४ अंशांच्या पुढे पुन्हा जवळजवळ सर्व माद्या निघतात. साधारण २४ अंशांच्या खाली किंवा ३५ अंशांच्या वर सतत ठेवलेली अंडी तग धरत नाहीत.

या आकड्यांतून एक हिशोब निघतो, जो फारसा कोणी मांडत नाही. ३० ते ३२.५ या अडीच अंशांत नरांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांवरून पंचाहत्तरवर जाते, म्हणजे अर्ध्या अंशाला सुमारे दहा टक्के. स्वस्त डिजिटल थर्मामीटरमध्ये अर्ध्या अंशाची चूक सर्रास असते. त्यामुळे “मी ३१.५ला उबवतो” असे कोणी छातीठोकपणे सांगितले तरी आपला थर्मामीटर त्याने ताडून पाहिलेला नसेल तर त्या दशांशाला काही अर्थ नसतो. याउलट २६ ते २८ अंशांच्या पट्ट्यात उतार सौम्य आहे. तिथे अंशभर इकडेतिकडे झाल्याने मोठा फरक पडत नाही. आपण निवडलेला २८ हा आकडा त्या दृष्टीने समजूतदार आहे. बहुतेक माद्या मिळतील, वाढ फार रेंगाळणार नाही आणि वरच्या धोक्याच्या रेषेपासून पुरेसे अंतर राहील. २६–२७ अंशांना पिल्ले बाहेर यायला साधारण दोन ते अडीच महिने लागतात, ३२ अंशांना सव्वा ते दीड महिना. आपले गणित यांच्या मधोमध कुठेतरी बसेल.

चढ आणि उतार यांना मात्र सारखे लेखू नये. काही तास तापमान २२ अंशांपर्यंत घसरले तर गर्भाची वाढ मंदावते, फार तर पिल्लू काही दिवस उशिरा बाहेर येते. तेच तापमान काही तास ३७–३८ अंशांवर गेले तर गर्भ मरू शकतो. शिवाय गर्भाची वाढ उष्ण तासांत वेगाने आणि थंड तासांत सावकाश होते, त्यामुळे वाढीचा मोठा भाग उष्ण तासांतच उरकतो आणि मोठ्या चढउतारात ठेवलेले अंडे सरासरीपेक्षा थोड्या अधिक तापमानाला ठेवल्यासारखे वागते. म्हणजे पेटी हलती असेल तर सरासरी २८ असली तरी परिणाम २८चा मिळत नाही. चुकायचेच असेल तर खालच्या बाजूला चुकावे, हे धोरण मी प्रत्येक निर्णयात पाळतो.

आता पेटीकडे वळू. आपल्या वाइन कूलरचे आकारमान ५० लिटर धरले तर आतल्या हवेचे वजन जेमतेम ६० ग्रॅम भरते. तिला एक अंशाने तापवायला सुमारे ६० ज्यूल उष्णता पुरते. एक लिटर पाण्याला एक अंशाने तापवायला सुमारे ४,१८० ज्यूल लागतात. अर्थात एक लिटर पाणी हे अशा सत्तर रिकाम्या पेट्यांइतकी उष्णता धरते. आता हीट मॅटचा विचार करा. पेटीच्या भिंतींतून आठेक वॅट उष्णता बाहेर जात असेल तर २८ वॅटच्या मॅटमधले वीस वॅट हवा तापवायला मोकळे राहतात, आणि कागदावर तरी ते हवेला तीन सेकंदांत एक अंशाने वर नेतात. प्रत्यक्षात मॅट स्वतः, भिंती आणि डबा त्यातली बरीच उष्णता शोषतात म्हणून इतके होत नाही, पण थर्मोस्टॅटने वीज तोडल्यावरही तापलेली मॅट हवेला वर ढकलत राहते. गॅस बंद केल्यावर बिडाच्या तव्यावर भाकरी भाजत राहावी तसे. आपल्या नोंदीतला ३० अंशांचा शेंडा बहुधा इथून आला आहे.

पेटीत चार लिटर पाणी ठेवले तर तेच वीस वॅट एक अंश चढवायला सुमारे चौदा मिनिटे घेतील, आणि तेवढ्यात कोणताही थर्मोस्टॅट सावरतो. हा हिशोब पाणी आणि हवा यांच्यात उष्णतेची देवघेव लगेच होते असे धरून केलेला आहे, आणि वस्तुस्थिती तशी नाही. चार लिटरचा एकच कॅन ठेवला तर त्याच्या पृष्ठभागाच्या मानाने आतले पाणी फार असते आणि ते हवेच्या झटपट बदलांत भागच घेत नाही. त्याऐवजी अर्ध्या लिटरच्या आठ बाटल्या ठेवाव्यात, त्या एकमेकींना चिकटवू नयेत, काही तळाशी आणि काही मधल्या जाळीवर अंड्यांच्या डब्याच्या दोन्ही बाजूंना असाव्यात. बाटल्या काठोकाठ भरून घट्ट बंद कराव्यात, कारण पेटीत वीज आहे. एवढा एकच बदल केला आणि बाकी काही केले नाही, तरी आपल्या आलेखातली दातेरी रेघ सपाट झालेली दिसेल.

पहाटेच्या घसरणीला दुसरे औषध हवे. तीन सेंटिमीटर जाडीच्या थर्मोकोलची ५० लिटरची पेटी आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना साधारण पाऊण वॅट उष्णता गमावते. खोली १८ आणि पेटी २८ असेल तर आठ वॅटच्या आसपास. काचेचे दार हे गणित बिघडवते, कारण दुहेरी काचेतूनही तेवढ्याच क्षेत्रफळाच्या थर्मोकोलच्या सुमारे तिप्पट उष्णता निघून जाते. दाराच्या बाहेरून थर्मोकोलचा जाड पत्रा बसवावा. आत डोकावायचे असेल तर त्याला कापून झडप करता येते. आणखी एक जागा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. लहान वाइन कूलरमध्ये बहुधा कॉम्प्रेसर नसतो, पेल्टिए पद्धतीची, म्हणजे वीज दिल्यावर एका बाजूने थंड आणि दुसऱ्या बाजूने गरम होणारी, पातळ चकती असते, आणि तिच्या आतल्या व बाहेरच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांचे ठोकळे बसवलेले असतात. वीज बंद असताना ही चकती उष्णता अडवत नाही, उलट दोन धातूंमधला पूल बनते. मागच्या भिंतीवर आतून हात फिरवून पाहा. पेटी गरम असताना तो ठोकळा आजूबाजूच्या भिंतीपेक्षा थंड लागला तर तिथून गळती होत आहे. आतली पाती फोमच्या तुकड्याने झाकून टाकावीत. दार आणि हा ठोकळा झाकल्यावर पेटी थर्मोकोलच्या पेटीच्या जवळपास येते.

अशा पेटीत चार लिटर पाणी असेल तर वीज गेल्यावरही घाई नसते. १८ अंशांच्या खोलीत ती २८ वरून दोन तासांत सुमारे तीन अंश आणि चार तासांत सुमारे पाच अंश खाली येते. बाटल्या नसतील तर हीच घसरण काही मिनिटांची गोष्ट आहे.

हीट मॅट बदलावी. आपल्या पेटीला हिवाळ्यात सरासरी आठ ते दहा वॅट लागतील, म्हणून १२ ते १५ वॅटची मॅट किंवा तेवढ्याच क्षमतेची हीट केबल पुरेशी आहे. गरजेच्या दीडपट ते दुप्पट क्षमता असावी, याहून अधिक असेल तर प्रत्येक वेळी तापमान आकड्याच्या पुढे धावते. मॅट तळाशी तर मुळीच नसावी. तळाशी असलेल्या मॅटवर डबा ठेवला की व्हर्मिक्युलाइट खालून तापते आणि सुकते, वरची हवा २८ दाखवत असताना अंड्याचा खालचा भाग ३० अंशांच्या पुढे असू शकतो आणि हवेतल्या प्रोबला त्याचा पत्ताही लागत नाही. मॅट मागच्या किंवा बाजूच्या भिंतीवर उभी बसवावी आणि तिच्यापासून अंड्यांचा डबा चार बोटे तरी दूर ठेवावा.

पंखा लावावा की नाही यावर मतभेद आहेत. माझ्या मते एवढ्या पेटीत संगणकातला आठ सेंटिमीटरचा पंखा पाच व्होल्टवर संथ चालवणे फायद्याचे आहे. पंखा नसताना वरच्या आणि खालच्या जाळीत एक-दोन अंशांचा फरक सहज राहतो. काही पैदासकार मुद्दाम हा फरक राखतात आणि नर हवे असतील ती अंडी वर, माद्या हव्या असतील ती खाली ठेवतात. युक्ती चांगली आहे, पण त्यासाठी प्रत्येक जाळीवर स्वतंत्र थर्मामीटर हवा. पंखा स्वतःही वॅटभर उष्णता देतो, ते आठ वॅटच्या हिशोबात धरावे. वाऱ्याचा झोत डब्यावर थेट येऊ देऊ नये आणि डब्याचे झाकण लावलेले असावे, नाहीतर माध्यम सुकते आणि बाष्पीभवनामुळे अंडी हवेपेक्षा थंड राहतात.

ओलाव्याबद्दल थोडक्यात सांगतो. व्हर्मिक्युलाइट आणि पाणी वजनाने सारखे घ्यावे, किंवा पाणी थोडे कमी. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये. झाकणाला सुईने दोन-तीन भोके पुरतात. अंडी ज्या स्थितीत सापडली त्याच स्थितीत ठेवावीत, वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करावी आणि मग ती फिरवू नयेत, कारण गर्भ कवचाच्या वरच्या भागाला आतून चिकटलेला असतो.

आता थर्मोस्टॅट. साध्या ऑन-ऑफ थर्मोस्टॅटमध्ये चालू होण्याचा आणि बंद होण्याचा आकडा यांत ठरावीक अंतर असते, आणि बऱ्याच उपकरणांत ते कारखान्यातून एक किंवा दोन अंशांवर ठेवलेले असते. आपल्या थर्मोस्टॅटच्या सेटिंगमध्ये हे अंतर बदलता येते का पाहा आणि येत असेल तर ते ०.३ ते ०.५ अंशांवर आणा. रिले, म्हणजे थर्मोस्टॅटमधला वीज चालू-बंद करणारा स्विच, अधिक वेळा वाजेल आणि कालांतराने झिजेल, पण बारा-पंधरा वॅटच्या भारावर ती झीज नगण्य असते. हे जमत नसेल तर पल्स प्रपोर्शनल प्रकारचा थर्मोस्टॅट घ्यावा. तो मॅटला पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद ठेवत नाही, गरज असेल तेवढ्याच प्रमाणात विजेचे छोटे ठोके देत राहतो, आणि म्हणून हव्या त्या आकड्याच्या जवळ पोचताना आपोआप हात आखडता घेतो. डिमिंग प्रकार दिव्यांसाठी चांगला आहे. मॅटसाठी त्याचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

प्रोब कुठे ठेवायचा, याबाबत मिळणारा सल्ला बहुतेकदा उलटा असतो. थर्मोस्टॅटचा प्रोब अंड्यांच्या डब्यात, माध्यमात रुतवावा असे पुष्कळ जण सांगतात, आणि ते पटण्याजोगेही वाटते, कारण शेवटी अंड्याचेच तापमान राखायचे असते. पण माध्यम सावकाश तापते. मॅट चालू झाली की हवा लगेच तापते, प्रोबला ते बऱ्याच उशिरा कळते, तोवर मॅट तापवतच राहते. मग बंद होते तेव्हाही प्रोब उशिराच निवतो. अशा रचनेत पेटी लांबलचक, खोल हेलकावे खाते. थर्मोस्टॅटचा प्रोब चटपटीत जागी हवा, म्हणजे हवेत, डब्याच्या उंचीवर, मॅटपासून दूर आणि वाऱ्याच्या वाटेवर. थर्मामीटरचा प्रोब मात्र बाटलीत, अंड्यांच्या शेजारी. एकाने नियंत्रण करायचे, दुसऱ्याने साक्ष द्यायची. ही दोन कामे एकाच प्रोबवर टाकू नयेत. दोन्ही आकड्यांत काही दशांशांचा कायमचा फरक पडला तर थर्मोस्टॅटचा आकडा तेवढा वर किंवा खाली करावा आणि लक्ष बाटलीवर ठेवावे.

थर्मामीटर ताडून पाहण्याचा सोपा मार्ग प्रत्येक घरात असतो. बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या मिश्रणात शून्य अंश दाखवतो का हे पाहण्याची पद्धत प्रसिद्ध आहे, पण शून्याला बरोबर असलेला सेन्सर ३० ला चुकू शकतो. त्यापेक्षा थर्मासमध्ये ३७ अंशांच्या आसपासचे कोमट पाणी घ्यावे, ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर आणि आपला प्रोब यांची टोके एकमेकांना लावून धरावीत, पाणी ढवळत राहावे आणि एका मिनिटाने दोन्ही आकडे पाहावेत. ताप मोजायचा थर्मामीटर त्या पट्ट्यात दशांश अंशापर्यंत अचूक असतो आणि ३७ हा आकडा आपल्या कामाच्या तापमानाच्या बराच जवळ आहे. जो फरक निघेल तो कागदाच्या पट्टीवर लिहून उपकरणाला चिकटवून टाकावा. काचेवर चिकटवण्याच्या, सुई असलेल्या गोल थर्मामीटरवर मात्र विसंबू नये. तो शोभेचा आहे.

पेटी कुठे ठेवली आहे हे आपण लिहिलेले नाही, पण पहाटेची घसरण पाहता आपल्या घरचे हीटिंग रात्री टायमरवर बंद होत असावे. ब्रिटनमधल्या बऱ्याच घरांत हे असेच असते, आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास खोली १५ अंशांपर्यंत उतरते. बाहेरच्या भिंतीला लागून, खिडकीखाली किंवा रेडिएटरशेजारी पेटी ठेवू नये. गरम पाण्याच्या टाकीचे कपाट उबदार असते म्हणून काही जण तिथे ठेवतात. पण टाकी दिवसातून दोनदा तापते तेव्हा ते कपाट आपल्या हव्या असलेल्या आकड्याच्या वर जाऊ शकते आणि त्यावर थर्मोस्टॅटचा काही इलाज चालत नाही. आतल्या बाजूची, तळमजल्यावरची, दिवसभर सावलीत असणारी खोली उत्तम.

थर्मोस्टॅट फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही, म्हणून खोली पेटीपेक्षा दोन-तीन अंशांनी तरी थंड असावी लागते. ब्रिटनमध्ये हा मुद्दा पूर्वी पुस्तकी वाटायचा. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशरमधील कोनिंग्स्बी येथे ४०.३ अंशांची नोंद झाल्यापासून तो तसा राहिलेला नाही. आपला वाइन कूलर मोडीत काढू नका, त्याची थंड करणारी यंत्रणा दुरुस्त असेल तर उन्हाळ्यात तिला दुसऱ्या थर्मोस्टॅटवर ३० अंशांना चालू होण्यासाठी लावता येते. त्या काळात पात्यांवरचा फोम काढून टाकावा. महाराष्ट्रात कोणी हे वाचत असेल तर त्यांची अडचण नेमकी उलटी असते. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत घरातली हवाच ३५ अंशांच्या पुढे जाते, तिथे हीट मॅटला कामच नसते, थंड करण्याची सोय आधी पाहावी लागते. आणि याच कुळातली युब्लेफारिस फस्कस ही पाल पश्चिम भारतात, महाराष्ट्राच्या कोरड्या माळरानांतही, जंगली अवस्थेत राहते. तिची अंडी उचलून आणून घरी उबवण्याच्या फंदात कोणी पडू नये. वर लिहिलेले सर्व काही पाळीव वंशातल्या प्राण्यांपुरतेच आहे.

जाता जाता, पुढेमागे क्रेस्टेड गेको पाळण्याचा विचार असेल तर त्यांच्या अंड्यांसाठी ही पेटी तापवू नका. न्यू कॅलेडोनियातली ही जात २२ ते २५ अंशांत, म्हणजे घरातल्या साध्या तापमानाला, उत्तम उबते.

एका बिघाडाची तरतूद मात्र आजच करावी. थर्मोस्टॅटचा रिले कधी कधी चालू स्थितीत चिकटतो. १४ वॅटची मॅट अखंड चालू राहिली तर अशी पेटी खोलीपेक्षा सुमारे १८ अंशांनी वर जाते. १८ अंशांच्या खोलीत ३६ आणि उन्हाळ्यात २६ अंशांच्या खोलीत ४४. रात्रीत सगळे संपते. उपाय म्हणून एक दुसरा, अगदी स्वस्तातला थर्मोस्टॅट घ्यावा, तो ३० अंशांवर ठेवावा आणि पहिल्या थर्मोस्टॅटची वीज त्याच्यातून घ्यावी. एरवी तो नुसता चालू राहील. पहिला चिकटला तरच तो मध्ये पडेल. माझ्या मते महागड्या इन्क्युबेटरपेक्षा हा दुसरा थर्मोस्टॅट अंडी अधिक वाचवतो.

सध्याच्या दोन अंड्यांबद्दल सांगायचे तर पेटीत दुरुस्ती करेपर्यंत ती त्यांच्या डब्यातच, झाकण लावून, घरातल्या २२–२४ अंशांच्या एखाद्या कपाटात एक-दोन दिवस ठेवायला हरकत नाही. डबा हलवताना तिरका होऊ देऊ नये. पेटी बाटल्यांसह किमान एक पूर्ण दिवस-रात्र रिकामी चालवून बघावी. आकडा बदलायचा झाल्यास एका वेळी अर्ध्या अंशापेक्षा अधिक बदलू नये आणि पुढचा बदल करण्याआधी बारा तास थांबावे, कारण चार लिटर पाणी असलेली पेटी नव्या आकड्यावर स्थिरावायला तेवढा वेळ घेतेच. बाटलीतला किमान आणि कमाल आकडा यांतले अंतर एका अंशाच्या आत आले की काम झाले; त्यानंतर ते अर्ध्या अंशावर आणण्यासाठी रोज दार उघडून बघणारा माणूस स्वतःच चढउताराचे कारण ठरतो. डब्याचे झाकण आठवड्यातून एकदा क्षणभर उघडणे हवेसाठी पुरेसे आहे.

मादी दोन ते चार आठवड्यांत पुन्हा अंडी घालण्याची शक्यता आहे. त्या अंड्यांसाठी वेगळा डबा करावा, त्यावर तारीख लिहावी, आणि माध्यमासाठीचे पाणी २८ अंशांचे वापरावे. नव्या बाटल्या ठेवायच्या असतील तर त्याही आधी तेवढ्याच कोमट पाण्याने भराव्यात, कारण १८ अंशांच्या चार लिटर पाण्याला २८ वर आणायला चौदा वॅटच्या मॅटला सात-आठ तास लागतात आणि तेवढा वेळ आधीची अंडी थंडीत बसतात.